थिएटर बंद, इंजेक्शन पुढच्या आठवड्यात

माझ्या पाठीत सुई गेली तेव्हा दुखलं, त्याहून जास्त ती न टोचताच मला घरी पाठवलं तेव्हा दुखलं. कॅन्सरनं रडवलं ते वेगळं. पण या परत पाठवण्याचा जो संताप आला, तो अजून पुरता गेलेला नाही. लिहिताना आवाज चढला तर समजून घ्या. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना माझा आवाज चढलेला वाटणारही नाही.

मी रेणापूरला शाळेत खेळ शिकवते. मुलींचा खो-खोचा संघ माझ्याकडं असतो. नवरा मिलिंद वीजमंडळात लाइनमन. घरात सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, आणि आमची सुजाता, तेव्हा पहिलीत होती.

त्या वर्षी पाऊस नव्हताच. मैदान इतकं कडक झालं होतं की मुली पडल्या की गुडघे फुटायचे. माझ्या पायांवर निळे डाग दिसायला लागले तेव्हा मला वाटलं, मीही कुठंतरी आपटले असेन. मग ब्रश केला की हिरड्यांतून रक्त. मग जिना चढताना मधेच बसावं लागायला लागलं. ज्या बाईनं पोरींना मैदानाला फेऱ्या मारायला लावायचं, तिला स्टाफरूमपर्यंत जाववेना.

रिपोर्टचा दिवस

लातूरला एका खासगी हॉस्पिटलमध्ये तपासण्या झाल्या. डॉक्टर सोनवणे, पन्नाशीचे, बोलायला तुटक. त्यांनी मिलिंदला आत बोलावलं आणि मला म्हणाले, "ताई, तुम्ही बाहेर बसा."

"रक्त माझं आहे," मी म्हटलं, "मीही येते."

त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि समोरची खुर्ची दाखवली. मग सरळच सांगितलं. रक्ताचा कॅन्सर. ल्युकेमिया. बरा होऊ शकतो, पण उपचार लांब चालतात, मधे थांबता येत नाही.

मिलिंद म्हणाला, "सर, रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा तर आला न्हाई ना?"

"नाही."

"एकदा बघा की."

डॉक्टरांनी पुन्हा बघितलं. तेवढी माणुसकी त्यांच्यात होती, हे मी पुढं कितीही चिडले तरी विसरले नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर बसलो. टपरीवाला म्हणाला, "चहा कितीबी घ्या, पाणी तेवढं मागू नका." तेव्हा लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. नळाला कधी पाणी आलं होतं ते लोकांना आठवत नव्हतं. आणि मला नुकतंच सांगितलं होतं की या औषधांवर भरपूर पाणी प्यायचं, तासातासाला चूळ भरायची, हात सारखे धुवायचे. मी हसायला लागले. मिलिंदला वाटलं, मला काहीतरी झालं. तो माझा हात धरून नुसता "वैशाली, वैशाली" करत राहिला.

पुढं मला भेटायला येणारे लोक फळं आणायचे बंद झाले आणि पाण्याचे जार आणायला लागले. एका विद्यार्थिनीचे वडील दर आठवड्याला फिल्टरच्या पाण्याचा जार दारात ठेवून, आत न येता निघून जायचे. अशा गोष्टींनी माणूस तगतो.

पाठीतलं इंजेक्शन

शिरेतून दिलेलं औषध मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. आजाराच्या पेशी तिथं लपून बसू शकतात. म्हणून कमरेत, दोन मणक्यांच्या मधून सुई घालून मेंदूपर्यंत पोचणाऱ्या पाण्यात औषध सोडतात. डॉक्टरांनी हे मला नीट समजावलं. हेही सांगितलं की ते वेळेवर व्हायला पाहिजे.

घरी मात्र आकांत. आत्याबाई म्हणाल्या, "पाठीत सुई घालू देऊ नकोस बाई. माणूस कमरंतून जातंय. मग लेकराला कोण बघंल?"

"आत्याबाई, डॉक्टर म्हणतात तसं होत नाही."

"डाक्टरला काय, त्याची कंबर हाय का?"

पहिलं इंजेक्शन ऑपरेशन थिएटरमध्ये झालं, पूर्ण भूल देऊन. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. भूल देणारे डॉक्टर बाहेरून यायचे, ते दुपारी आले. शुद्धीवर आले तेव्हा काहीच कळलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी उठून बसले आणि डोकं फुटतंय असं झालं. आडवी झाले की थांबायचं, उठले की पुन्हा. ताटावर बसून जेवता येईना. सुजाता माझ्याशेजारी चटईवर झोपून तिची कविता म्हणायची, कारण मी उठून तिच्याकडं बघू शकत नव्हते. आत्याबाईंची नजर "मी म्हणले होते" असं म्हणत होती.

दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी पोचलो तर थिएटरच्या दाराला कुलूप. नर्स म्हणाली, "मॅडम, टँकर आला न्हाई. हात धुवायला पाणी न्हाई तर थिएटर कसं चालवायचं? सर म्हणले, पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात तेच. मी उपाशी, तोंडात फोड आलेले, रेणापूरहून जीपनं आलेली, आणि परत.

तिथंच बाकावर मला शबाना भेटली. कॉलेजला पहिल्या वर्षाला होती. आजार माझाच, औषधंही तीच. तिचे वडील हमीदचाचा, गंजगोलाईच्या बाजारात घड्याळ दुरुस्तीचं दुकान. शबाना डोक्याची ओढणी सारखी करत म्हणाली, "मॅडम, तुमचीबी पाठ रिकामीच परत चालली का?"

मला हसू आलं. चाचा हसले नाहीत. ते नर्सला विचारत होते, "बेटा, एवढं सांगा, उशीर झाला तर चालतंय का?" नर्स बिचारी काय सांगणार. ती म्हणाली, "सरांना विचारा." सर राउंडला होते.

टँकर

घरी मी मिलिंदवर ओरडले. दुसरं कुणी नव्हतं ओरडायला.

"मी काय करू?" तोही ओरडला. "टँकर मी आणू का?"

आणि पुढच्या तारखेला त्यानं खरंच टँकर आणला. पाणी भरायच्या विहिरींवरचे मोटारींचे कनेक्शन तोच दुरुस्त करायचा, त्यामुळं टँकरवाले त्याच्या ओळखीचे. एकाची विनवणी करून त्यानं गाडी हॉस्पिटलच्या गेटवर उभी केली. टाकी भरली. मिलिंदचा शर्ट घामानं भिजला होता आणि चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी केल्याचं समाधान होतं.

आतून निरोप आला. भूल देणारे डॉक्टर वाट बघून दुसऱ्या हॉस्पिटलला गेले. आता पुढच्या आठवड्यात.

मिलिंद गेटजवळच्या कट्ट्यावर बसला आणि रडला. रस्त्यावर, सगळ्यांसमोर. मी त्याला तसं कधी बघितलं नव्हतं. मला त्याच्याजवळ बसायला हवं होतं, पण मी आत गेले आणि डॉक्टर सोनवण्यांच्या केबिनचं दार ढकललं.

"सर, हे थिएटरमध्येच करावं लागतं का?"

"माझ्याकडं थिएटरमध्येच होतं. तुमच्या पांढऱ्या पेशी कमी आहेत. इन्फेक्शन झालं तर?"

"आणि इंजेक्शनच नाही झालं तर?"

"मी मुद्दाम टाळतोय का? पाणी माझ्या हातात आहे का?"

तेही थकलेले दिसत होते. पण थकलेल्या माणसाचा राग येत नाही असं कुणी सांगितलं?

नांदेडच्या वाटेवर

माझी नणंद रंजना नांदेडला असते. तिनं फोनवर सांगितलं, "वहिनी, इथं एक बिरादार मॅडम हायेत, रक्ताच्या आजाराच्या. एकदा दाखवा तर." सोनवणे सरांनी कागद दिले, अडवलं नाही. भाड्याची जीप करून आम्ही निघालो.

शिरूर ताजबंदच्या फाट्यावर रस्ता बंद. नव्या जिल्ह्याच्या मागणीचा रास्ता रोको. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग, मधे सतरंजी टाकून बसलेले लोक, माइकवर भाषण. ऊन असं की जीपच्या पत्र्याला हात लावता येईना. मिलिंद जाऊन विचारून आला. "कुणालाच सोडायलेत न्हाईत."

मीच उतरले. तोंडाला मास्क, डोक्याला रुमाल, खाली टक्कल. गळ्यात उपरणं घातलेल्या एका माणसाला म्हटलं, "भाऊ, दवाखान्यात जायचंय. जाऊ द्या."

"ताई, आज कळ काढा. जिल्हा झाला की आपल्याकडंच मोठं हॉस्पिटल व्हईल. लातूरला पळावं लागणार न्हाई."

"मी लातूरहूनच पळून चाललेय," मी म्हटलं. "त्याला जिल्हा होऊन किती वर्षं झाली?"

तो उपरण्यानं घाम पुसायला लागला. मला त्याला टोचून बोलायचं नव्हतं खरं. त्याची मागणी काही खोटी नव्हती. पण माझ्या पाठीला नवा जिल्हा होईपर्यंत थांबता येणार नव्हतं. मागून एक म्हातारा उठला. "अरे सोडा रे तिला. पेशंट हाय ती, आमदार न्हाई." लोक बाजूला सरकले. कुणीतरी खिडकीतून पाण्याचे पाऊच आत टाकले.

"झालं"

बिरादार मॅडमनी कागद बघितले, रक्त तपासलं, रक्त गोठवणाऱ्या पेशी पुरेशा आहेत म्हणाल्या. मी विचारलं, "थिएटर कधी मिळेल?"

"थिएटर कशाला?"

वॉर्डाला लागून एक छोटी खोली होती. एक पलंग, एक ट्रॉली, खिडकी बंद. मॅडमनी स्पिरिटनं हात स्वच्छ केले, बंद पाकिटातले हातमोजे घातले. मला कुशीवर झोपवलं. "गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला. पाठ गोल करा." नर्सनं माझे खांदे धरले. पाठीला औषध लावल्याचा गारवा आला. मग एक टोचणी, मुंगळा चावल्यासारखी. "ही जागा बधिर करायची. आता दाब जाणवेल, दुखलं तर बोला, हलू नका." दाब जाणवला. एकदा उजव्या पायात वीज गेल्यासारखं झालं, मी ओरडले, मॅडमनी सुई जराशी सरकवली, ते थांबलं.

"मॅडम, मागच्या वेळी डोकं लई दुखलं."

"ही सुई बारीक आहे. टोकही वेगळं असतं. सगळ्यांचं थांबतं असं नाही, पण कमी दुखतं. तुम्ही काय शिकवता?"

"खो-खो."

"मी शाळेत असताना कायम बाद व्हायचे," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "झालं."

"काय झालं?"

"इंजेक्शन. आता थोडा वेळ उताणं पडून राहा. मग चहा घ्या आणि घरी जा."

मी रडायला लागले. नर्सला वाटलं, दुखतंय. दुखत नव्हतं. कुलपं, उपाशी सकाळी, टँकर, कट्ट्यावर रडणारा मिलिंद, आणि हे एवढंच होतं? एक पलंग आणि बधिर करायचं इंजेक्शन?

मॅडमनी एक गोष्ट बजावून सांगितली, ती मीही सांगते. लहान मुलं, फार घाबरलेली माणसं, मणक्याचा त्रास असलेली माणसं यांना भूल लागू शकते, थिएटर लागू शकतं. डॉक्टरांशी भांडून ठरवायची ही गोष्ट नाही. पण विचारायची नक्की आहे. माझं जागेवरच बधिर करून होईल का, बारीक सुई आहे का, त्याच दिवशी घरी जाता येईल का. विचारायला लाजू नका. थिएटरचं आणि भुलीचं भाडं वाचतं ते वाचतंच. पण वेळ वाचतो, तो जास्त महाग आहे.

त्या वेळी डोकं थोडंसंच दुखलं. घरी मी चालत आत गेले. आत्याबाईंनी माझ्या कमरेवर हात ठेवून बघितला आणि म्हणाल्या, "चालायलीस की गं."

शबाना

बाकीची औषधं लातूरलाच चालू होती. मी सोनवणे सरांना नांदेडचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तिकडं काय करतात ते मला सांगू नका. इथं काही झालं तर जबाबदारी माझी आहे." मी हमीदचाचांना नांदेडला जायला सांगितलं. ते म्हणाले, "बाई, जातो. पण इथले सर म्हणलेत, या आठवड्यात नक्की करतो. थोडा सबर करतो."

त्या आठवड्यात थिएटर उघडलं नाही.

पुढच्या वेळी शबाना दिसली तेव्हा ती एक डोळा हातानं झाकून बसली होती. "मॅडम, दोन-दोन दिसायलेत तुम्ही," ती म्हणाली. "एकीला तरी सांगा, मला ओकारी यायलीय."

मी खेळाची शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. पण सोनवणे सरांचा चेहरा मला वाचता आला. आजार मेंदूच्या बाजूला पोचला होता. आता तिला ते इंजेक्शन आठवड्यातून पुन्हा पुन्हा लागणार होतं, आणि नांदेडला जायची तिची अवस्था नव्हती. थिएटरला कुलूप होतंच.

मी सोनवणे सरांसमोरच बिरादार मॅडमना फोन लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी घेतला, याचंच मला नवल वाटलं. ते बराच वेळ ऐकत होते. "हो... हो, बारीक सुया पुढं मागवता येतील, आज आहेत त्याच... नाही, मी वॉर्डात कधी केलेलं नाही... हो." फोन ठेवला आणि माझ्याकडं वळले.

"सर," मी म्हटलं, "माझंही या आठवड्यात आहे, नांदेडला. ते आज इथंच होऊ द्या. आधी माझं करा. मला माहीत आहे कसं झोपायचं ते."

ते म्हणाले, "तुम्ही मला शिकवणार?"

"नाही सर. मी फक्त हलणार नाही."

ड्रेसिंगची खोली रिकामी केली, पुसून घेतली. मी कुशीवर झाले. त्यांनी माझे मणके बोटानं मोजले, मग पुन्हा पहिल्यापासून मोजले. इतक्या वर्षांचा डॉक्टर. सुई पहिल्यांदा लागली नाही, दुसऱ्यांदा लागली. शेवटी औषध आत गेलं. मग शबानाला आणलं. मी पलीकडच्या पलंगावर उताणी पडून तिच्याशी बोलत राहिले. चाचा दारात उभे होते. झाल्यावर त्यांनी विचारलं, कुणाला ते कळलं नाही, "इतकंच होतं, तर आधी का न्हाई केलं?"

सर वापरलेली सुई डब्यात टाकायला वळले.

त्यानंतर ती खोली त्याच कामाची झाली. माणसं यायची, इंजेक्शन घ्यायची, थोडा वेळ पडायची आणि गावी जायची. औसा, निलंगा, रेणापूर. पाणी असो नसो. कुणाला मुक्काम पडत नव्हता.

शबानाची नजर काही दिवस सुधारली. मग पुन्हा बिघडली. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. मातीच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले होते. बायकांमध्ये बसले. तिची आई माझ्या खांद्याला धरून म्हणाली, "तुझे तो आराम है ना?" मला हो म्हणताना लाज वाटली.

शेवटचं

माझं शेवटचं इंजेक्शन सोनवणे सरांनीच केलं. आता त्यांनी मणके एकदाच मोजले. झाल्यावर ते नळावर हात धुवत होते. तेव्हा नळाला पाणी होतं. मी उताणी पडूनच विचारलं, "सर, चाचांनी त्या दिवशी विचारलं होतं. आधी का नाही केलं?"

त्यांनी आधी नळ बंद केला, हात पुसले. "फार वर्षांपूर्वी वॉर्डात असंच काहीतरी करताना माझ्या एका पेशंटला इन्फेक्शन झालं. तेव्हापासून प्रत्येक गोष्ट थिएटरमध्ये. मी तुम्हाला म्हणायचो, तुमच्यासाठी करतोय. खरं तर मी घाबरलो होतो."

या उत्तरावर मला भडकायचं होतं. जमलं नाही, आणि माफही करता आलं नाही. मी एवढंच म्हटलं, "सर, हे मला सांगून काय उपयोग? चाचांना सांगा."

ते राउंडला निघून गेले. मला वाटलं, संपला विषय.

काही दिवसांनी हमीदचाचांचा फोन आला. सुजाताची चौकशी केली, माझ्या तब्येतीची केली. मग म्हणाले, "बाई, सोनवणे डॉक्टर दुकानात आले होते. एकटेच. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकावर बसून राहिले."

"काय म्हणाले?"

"म्हणले, शबाना उशिरामुळं गेली का, ते मला सांगता येणार न्हाई. पण उशीर झाला, आणि तो माझ्याकडून झाला."

"तुम्ही काय म्हणालात, चाचा?"

फोनवर मागं सगळी घड्याळं टिकटिकत होती.

"मी म्हणलो, डॉक्टरसाब, उद्या कुणाची पोरगी येणार आहे का तुमच्याकडं? ते म्हणले, हाव, औशाची एक आहे. मी म्हणलो, मग इथं बसू नका. तिचं वेळेवर करा."